प्रेम, श्रद्धा आणि त्याग : शोकांत प्रेमपटाची पटकथा कशी बांधावी

शोकांत प्रेमपट लिहायला बसलेल्या बहुतेकांना शेवट आधी सुचतो. कोणीतरी मरते, कोणीतरी न सांगता निघून जाते, कोणीतरी दाराशी उभे राहते, आणि मग त्या शेवटापर्यंत पात्रांना ओढत नेण्यात उरलेली शंभर पाने खर्ची पडतात. असा चित्रपट पाहताना प्रेक्षक रडतोही; पण बाहेर पडता पडता त्याच्या मनात येते, की या दोघांनी एकदा बसून नीट बोलून घेतले असते तर काय बिघडले असते? हा प्रश्न त्याला पडला आणि त्याचे उत्तर पटकथेत नसले, तर सगळे रडणे वाया गेले असे समजावे. ज्या कथेत प्रेमासमोर श्रद्धा उभी असते आणि त्यातून कोणाला तरी त्याग करावा लागतो, त्या कथेत तर हे उत्तर अगदी पक्के लागते, कारण श्रद्धा न मानणाऱ्या प्रेक्षकाला पात्राची अडचण मुळात अडचण वाटतच नाही.

म्हणून सुरुवात शेवटापासून न करता एका साध्या प्रश्नापासून करावी : या माणसाकडून कोणती गोष्ट काढून घेतली, तर तो माणूस तोच राहणार नाही? नायकासाठी एक आणि नायिकेसाठी एक, अशी दोन उत्तरे कागदावर मांडावीत. ती दोन उत्तरे एकमेकांच्या आड येत असतील तर कथा आहे; येत नसतील तर कितीही पाऊस, कितीही विरहगीते आणि कितीही मोठे इस्पितळ आणले तरी कथा उभी राहणार नाही.

वनलाइन, म्हणजे एका-दोन ओळींतला कथेचा सारांश, लिहितानाच आणखी एक निर्णय घेऊन टाकावा, तो म्हणजे शेवटी आशा शिल्लक ठेवायची की नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण रस (शोकाचा) आणि विप्रलंभ शृंगार (विरहातल्या प्रेमाचा) यांच्यातला फरक याच कसोटीवर सांगितला आहे. विप्रलंभ सापेक्ष असतो, म्हणजे त्यात भेटीची अपेक्षा जिवंत असते. करुण निरपेक्ष असतो, त्यात ती उरलेली नसते. पटकथाकाराला याचा उपयोग फार व्यावहारिक आहे. विरहाचे दृश्य आणि शोकाचे दृश्य वरवर सारखेच दिसते. तीच रिकामी खोली, तेच न बोलणारे पात्र. पण विरहाच्या दृश्यात पात्र कशाची तरी वाट पाहत असते, त्याचे लक्ष दारावर किंवा पत्रावर असते. शोकाच्या दृश्यात वाट पाहण्यासारखे काही नसते आणि म्हणून पात्र हातातले काम करत राहते. ज्या पटकथांचा शेवट पुळचट वाटतो, त्यांतल्या बऱ्याचशा शेवटच्या दहा पानांत या दोन भावांची सरमिसळ करतात : लेखकाला शोक हवा असतो, पण भेटीची आशा सोडवत नाही. मृत्यू झाला की करुण आणि जिवंत राहिले की विप्रलंभ, असा मात्र हिशेब नसतो. दोघेही जिवंत असून परतीचा रस्ता कायमचा बंद झालेला असू शकतो, आणि श्रद्धेच्या कथेत तोच शेवट बहुधा जास्त खोल जातो.

खलनायक काढून टाका

श्रद्धा आणि प्रेम यांची गाठ घालायची म्हटले, की हात आपोआप ठरलेल्या पात्रांकडे जातो : कर्मठ वडील, ढोंगी धर्मगुरू, चुगलखोर नातेवाईक. ही पात्रे लिहायला सोपी असतात आणि तिथेच घात होतो. विरोध करणारा माणूस दुष्ट ठरला, की प्रेक्षकाच्या मनात प्रेम बरोबर आणि श्रद्धा चूक असा निकाल पहिल्या अर्ध्या तासातच लागतो. त्यानंतर नायिकेने श्रद्धेपोटी काही सोडले, तर तो त्याग न वाटता भित्रेपणा वाटतो.

सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकाबद्दल जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने जे म्हटले आहे ते इथे कामाला येते. सुमारे इ. स. पू. ४४१ मधल्या या नाटकात बहीण भावाचे अंत्यसंस्कार करू पाहते आणि राजा ते राज्याच्या कायद्यासाठी रोखतो. हेगेलच्या मते शोकांतिका घडते ती दोन्ही बाजू आपापल्या परीने न्याय्य असतात म्हणून. आपल्या पटकथेची परीक्षा याच पद्धतीने घ्यावी. श्रद्धेच्या बाजूने बोलणारे जे प्रमुख पात्र असेल, त्याच्या तोंडून त्याचे म्हणणे एका पानात लिहून काढावे आणि ते एखाद्या सश्रद्ध माणसाला वाचायला द्यावे. त्याने ‘माझेही हेच म्हणणे आहे’ असे म्हटले, तर ते पात्र उभे राहिले. त्याला हसू आले किंवा राग आला, तर अजून काम बाकी आहे. माझ्या मते, ज्या चित्रपटात धर्मगुरू हा कथेतला सर्वांत समंजस माणूस असतो आणि तरीही दोघांचे भले होत नाही, तो चित्रपट सर्वांत जास्त लागतो.

श्रद्धा नियमांतून दाखवा

मेणबत्त्या, घंटा, धूप आणि मिटलेले डोळे यांतून श्रद्धेचे वातावरण तयार होते, श्रद्धा दिसत नाही. श्रद्धा दिसते ती माणसाच्या दिवसाच्या आखणीतून : तो किती वाजता उठतो, काय खात नाही, कोणत्या वेळी बोलत नाही, कोणते खोटे तो सहज बोलू शकतो आणि कोणते बोलताना त्याची जीभ अडखळते. म्हणून ‘एका देवभोळ्या घरातली मुलगी’ एवढ्यावर थांबू नये. नेमका धर्म, नेमका पंथ आणि त्या पंथातला नेमका नियम निवडावा. यात अभ्यासाचा भार वाढतो हे खरे, पण कथानकाचे निम्मे काम तो नियमच करून देतो.

काही उदाहरणे पाहावीत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत विवाहित पुरुषाला पाद्री होता येते, पण दीक्षा झाल्यावर विवाह करता येत नाही. म्हणजे दीक्षेच्या तारखेपर्यंत लग्न झाले नाही तर ते पुढे होणारच नाही. प्रेमकथेला याहून चांगली मुदत कुठली मिळणार? रोमन कॅथलिक परंपरेत लॅटिन पंथाच्या पाद्र्याला लग्न करायचे झाल्यास ब्रह्मचर्याच्या बंधनातून सूट मिळवावी लागते आणि ती देण्याचा अधिकार पोपकडे आहे. थेरवाद बौद्ध परंपरेत मात्र भिक्खूला चीवर, म्हणजे भिक्खूचे वस्त्र, उतरवून पुन्हा गृहस्थ होण्याची मुभा आहे, आणि थायलंडसारख्या देशात काही काळापुरती दीक्षा घेणे रूढ आहे. तेव्हा तिथला भिक्खू ‘आता मला परतता येणार नाही’ असे म्हणू लागला, तर जाणकार प्रेक्षक जागच्या जागी कथेवरचा विश्वास गमावेल. त्या कथेत अडसर नियमाचा असूच शकत नाही, तो त्या माणसाच्या स्वतःच्या इच्छेतच शोधावा लागेल, आणि कदाचित तीच कथा अधिक अवघड व अधिक चांगली निघेल.

नियम निवडल्यावर तो तीनदा दाखवावा. पहिल्यांदा अगदी सहज, कोणतेही महत्त्व न देता. दुसऱ्यांदा तो पाळताना थोडी गैरसोय होते किंवा गंमत होते अशा रीतीने. आणि तिसऱ्यांदा, जेव्हा तो पाळणे म्हणजे सगळे गमावणे असते तेव्हा. पहिल्या दोन वेळा प्रेक्षकाला तो नियम अंगवळणी पडलेला असला, की तिसऱ्या वेळी एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही.

एक कथानक बांधून पाहू

वरचे सगळे एकत्र कसे येते हे दाखवण्यासाठी एक कथानक घेऊ. युरोपातला एक बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमावलीने चालणारा कॅथलिक मठ आहे. तिथे एक तरुण साधू तात्पुरत्या व्रतांत आहे. कॅथलिक धर्मसंहितेनुसार ही तात्पुरती व्रते किमान ३ वर्षांची असतात आणि त्यांची एकूण मुदत वाढवून ९ वर्षांपर्यंत नेता येते. त्यानंतर आयुष्यभराची व्रते घ्यायची किंवा मठ सोडायचा. बेनेडिक्टाइन साधूच्या व्रतांत त्याच मठाशी कायम बांधून घेण्याचे एक व्रत असते, हे आपल्या दृष्टीने फार उपयोगाचे आहे. आपल्या नायकाची आयुष्यभराची व्रते काही आठवड्यांवर आली आहेत. मठाच्या ग्रंथालयात ओल शिरल्यामुळे जुनी हस्तलिखिते दुरुस्त करायला एक तरुणी येते. ती देव मानत नाही. पण तिच्या कामाचा एक धर्म आहे : फाटलेल्या पानाला जोड द्यायचा तो ओळखू येईल असाच द्यायचा, दुरुस्ती कधीही मूळ म्हणून खपवायची नाही; आणि चिकटवायचे ते गव्हाच्या स्टार्चच्या खळीने, म्हणजे पुढे कोणाला ते सोडवायचे झाले तर पाण्याने सुटेल. साधूला तिच्याविषयी ओढ वाटते ती नेमकी याच गोष्टीमुळे. तो तिला एकदा म्हणतोही, की तुम्हाला खोटे बोलताच येत नाही, तुमचे जोडसुद्धा खरे बोलतात.

मठात बाराव्या शतकातले म्हणून जपलेले, संस्थापकाच्या हातचे एक पान आहे, लाकडी फळीवर डकवलेले. दरवर्षी त्यातले वचन मोठ्याने वाचले जाते आणि त्या वचनाने भारावूनच नायक मठात आलेला आहे. ओल लागल्यामुळे ते पान फळीवरून सोडवावे लागते. ती ते दिव्यासमोर धरते आणि कागदाच्या आत वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच उमटलेली आणि उजेडासमोर धरल्यावरच दिसणारी खूण, दिसतो. युरोपीय कागदावरचा सर्वांत जुना ज्ञात वॉटरमार्क १२८२ च्या सुमाराचा, इटलीतला आहे. म्हणजे हे पान बाराव्या शतकातले असूच शकत नाही. आजवर कोणाला हे कळले नव्हते, कारण फळीवर डकवलेले पान कोणी उजेडासमोर धरून पाहिलेच नव्हते.

आता तिच्यासमोर काय आहे ते नीट मांडून पाहावे, कारण सगळी पटकथा या एका जागेवर तोलली आहे. तिने खरे सांगितले तर तिच्या कामाचा धर्म राहतो, आणि कदाचित त्याच्या पायाखालची जमीन सरकून तो मठ सोडेल, तिच्याबरोबर येईल. म्हणजे खरे बोलण्यात तिचा स्वार्थ आहे. आणि तेवढ्यासाठीच तिला खरे बोलवत नाही. ती पान पुन्हा फळीवर चढवते, काही सापडले नाही असा अहवाल देते आणि निघून जाते. तो आयुष्यभराची व्रते घेतो. बऱ्याच वर्षांनी ग्रंथालयाची जबाबदारी त्याच्याकडे आलेली असताना पुन्हा ओल शिरते, तो स्वतः ते पान फळीवरून सोडवतो, खळ पाण्याने लगेच सुटते, आणि वॉटरमार्क त्याच्या डोळ्यांपुढे येतो. पान खोटे आहे हे त्याला कळते. पण खळ तिची आहे, याचा अर्थ तिला हे तेव्हाच ठाऊक होते, हेही त्याच क्षणी कळते.

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त म्हटले आहे, की ज्या क्षणी पात्राला सत्य ओळखू येते त्याच क्षणी त्याची परिस्थिती उलटली, तर तो प्रसंग सर्वोत्तम. इथे साधूला दोन्ही एकदमच भोगावे लागते. आणि शोकांतिकेतला नायक ना पूर्ण सज्जन ना पूर्ण दुर्जन असावा, त्याचे पतन कोणत्या तरी चुकीतून व्हावे, हे त्याचे दुसरे म्हणणेही तिच्या बाबतीत लागू पडते. तिची चूक एकच आहे : तिने त्याला विचारले नाही. त्याची श्रद्धा एका कागदाच्या वयावर उभी आहे, असे तिने गृहीत धरले. कदाचित ती तशी नव्हती. कदाचित त्याने कागद पाहिला असता, हसला असता आणि तरीही मठातच राहिला असता, किंवा कागद खरा असूनही तिच्याबरोबर गेला असता. पटकथेने हा प्रश्न सोडवू नये.

त्यागाच्या कसोट्या

त्याग लिहिताना मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे पर्याय. पात्रापुढे दुसरा मार्गच नसेल तर ते केवळ संकट असते. प्रेक्षकाला दुसरे दार उघडे दिसले पाहिजे, आणि तेही एका संवादापुरते नव्हे, तर चांगली तीन-चार दृश्ये. वरच्या कथानकात मठाधिपती तिला आपणहून विचारतात, की पान सोडवताना काही आढळले का. तेच मठाधिपती नायकालाही सांगतात, की मनात शंका असेल तर मुदत वाढवून घे, घाई कोणालाच नाही. ही दोन दृश्ये कथेला कडक करतात, कारण आता जे होईल ते या दोघांच्या निवडीतूनच होणार, संस्थेच्या जुलमातून नाही, हे निश्चित होते.

दुसरी कसोटी किमतीची. त्यागात जे सोडले जाते ते पात्राला प्रिय असते, एवढे सगळेच लेखक सांभाळतात. त्याहून पुढे जाऊन, ज्या गुणामुळे तिच्यावर प्रेम जडले तोच गुण त्यागात खर्ची पडतो का, हे पाहावे. इथे ती त्याच्यासाठी खोटे बोलते, आणि तो तिच्यावर प्रेम करत होता ते तिला खोटे बोलता येत नाही म्हणून. त्यामुळे तिने त्याला गमावले आणि ज्या ‘ती’वर त्याचे प्रेम होते तीही त्याच दिवशी संपली. पुढे तिने हे काम सोडले, एवढे एका ओळीत कळले तरी पुरे आहे.

तिसरी कसोटी संमतीची आहे आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. त्याग करणारा बहुधा दुसऱ्याला विचारत नाही. ग्रॅहम ग्रीनच्या १९५१ मधल्या ‘द एंड ऑफ द अफेअर’ या कादंबरीत, जिच्यावर १९५५ आणि १९९९ मध्ये चित्रपट झाले, लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात प्रियकर मेला असे समजून नायिका देवाला शब्द देते, की तो जगला तर मी त्याला सोडीन. तो जगतो, ती त्याला सोडते आणि कारण सांगत नाही. त्याला ते कळते ते पुढे तिची रोजनिशी हाती आल्यावर. या रचनेतले बळ माहितीच्या वाटपात आहे. त्यागाची बातमी प्रेक्षकाला, त्याग करणाऱ्याला आणि ज्याला सोडले त्याला कोणत्या क्रमाने कळते, यावर चित्रपटाचा सगळा पोत ठरतो. प्रेक्षकाला आधी कळले तर ताण मिळतो, नायकाबरोबर कळले तर धक्का मिळतो. दोन्ही एकाच चित्रपटात मिळवण्याच्या नादात बरेच लेखक दोन्ही घालवतात. वरच्या कथानकात मी प्रेक्षकाला आधी सांगून ताण घेईन, कारण वॉटरमार्क दिसतो तो क्षण तिच्या चेहऱ्यासकट पाहण्यासारखा आहे, आणि शेवटी नायक तेच पान सोडवू लागतो तेव्हा त्याला काय दिसणार हे ठाऊक असलेला प्रेक्षक खुर्चीत सरकून बसतो.

सोडलेल्या माणसाला त्याचे म्हणणे मांडायची जागा कशी द्यावी, याचा सर्वांत देखणा नमुना भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त आहे. रामाने लोकापवादासाठी सीतेला सोडले ते तिला न सांगता. तिसऱ्या अंकात, ज्याला छाया अंक म्हणतात, वनवासात दोघे जिथे राहिले होते त्या वनात राम पुन्हा येतो आणि सीता तिथेच असते, पण त्याला दिसत नाही. त्याचा शोक ती ऐकते, तो मूर्च्छित होतो तेव्हा तिच्या स्पर्शाने शुद्धीवर येतो, आणि तिच्या मनातला राग हळूहळू कसा बदलत जातो ते प्रेक्षक पाहतो. भवभूतीने नाटकाचा शेवट पुनर्मीलनात केला, रामायणाच्या उत्तरकांडात मात्र सीता धरणीत जाते. पण आपल्याला घ्यायचा आहे तो तिसरा अंक. ज्याच्यासाठी किंवा ज्याच्याविरुद्ध त्याग झाला, त्याला निदान एक दृश्य असे द्यावे की ज्यात तो त्यागाचा न्याय करू शकेल. तो रागावू शकतो, ‘तुला हा अधिकार कोणी दिला’ असे विचारू शकतो. हे दृश्य नसेल तर त्याग करणाऱ्याची आरती ओवाळल्यासारखा चित्रपट होतो. आणि कथेतली स्त्रीच दरवेळी सोडून देत असेल, तर एकदा बाजू उलटवून पाहावी. कथा तशीच उभी राहते का, यावरून आपण सवयीने लिहिले की विचार करून, ते लगेच समजते.

एक दृश्य जवळून

बेनेडिक्टच्या नियमावलीत रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर बोलण्याची मनाई आहे. हा आपला नियम, आणि वर म्हटल्याप्रमाणे तो आधी दोनदा येऊन गेला आहे : एकदा ती त्याला काही विचारते आणि तो नुसता हसून ओठांवर बोट ठेवतो, आणि एकदा पावसात छत गळू लागल्यावर सगळे साधू एक शब्दही न बोलता बादल्या इकडून तिकडे नेत असतात. तिसऱ्या वेळी असे होते :

ग्रंथालय. रात्र. बाहेर पाऊस. ती टेबलाशी आहे. सोडवलेले पान तिच्यासमोर, फळी बाजूला, खळीचे भांडे जवळ. तो खिडक्या लावायला आत येतो. तिला पाहून थबकतो, मान लववतो, पहिली खिडकी लावतो.

ती : “झोपला नाहीत अजून.”

तो खिडकीकडे बोट करतो. दुसरी खिडकी. तिचा कोयंडा बसत नाही. तो पुन्हा पुन्हा दाबून पाहतो.

ती : “तुम्हाला एक विचारायचं होतं.” (थांबते.) “सकाळी विचारेन.”

तो वळून पाहतो. मग टेबलाजवळ येतो आणि उत्सुकतेने पान पाहायला दिवा उचलतो. ती पटकन पानावर हात ठेवते.

ती : “ओलं आहे.”

तो दिवा खाली ठेवतो. पान ओले नाही, हे आपण पाहिले आहे. तो हातानेच ‘सकाळी’ अशी खूण करतो आणि जातो. ती ब्रश खळीत बुडवते.

एवढेच दृश्य. यात प्रेम, देव, खरे, खोटे यांतला एकही शब्द नाही. तो दिवा उचलतो तेव्हा वॉटरमार्क दिसण्यापासून दोन इंचांवर असतो आणि तिने आयुष्यातले पहिले खोटे दोन शब्दांत सांगितलेले असते. तो बोलू शकला असता तर कदाचित ‘काय विचारायचं होतं?’ असे त्याने विचारले असते आणि तिच्याने राहवले नसते. म्हणजे त्याची नियमनिष्ठाही या घटनेत वाटेकरी आहे. ‘नीट बोलून का घेतले नाही’ या प्रेक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर या दृश्यात बसवलेले आहे. तुमच्या कथेत हे उत्तर कुठल्या दृश्यात आहे, ते शोधून त्या दृश्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा.

संवादांबद्दल थोडेच सांगायचे आहे. सश्रद्ध पात्र धर्मग्रंथातली वचने फेकत नाही. रोज प्रार्थना करणाऱ्याच्या बोलण्यात ती विरघळलेली असतात. प्रार्थना दाखवायची असेल तर तिच्यातले मागणे ऐकवू नये, प्रार्थनेत पात्र कुठे अडखळते ते दाखवावे. पार्श्वसंगीताच्या सूचना पटकथेत लिहू नयेत.

पानांचा हिशेब

प्रचलित मांडणीत पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट धरतात, आणि अशा कथेला १०० ते १२० पाने पुरतात. यातला पहिला चौथा भाग दोघांच्या कामाला आणि नियमांना द्यावा. प्रेम त्यातूनच उमलू द्यावे, वेगळी प्रेमदृश्ये शोधत बसू नये. अडचण, म्हणजे वॉटरमार्कसारखी घटना, निम्म्याच्या थोडी आधी यावी. ती उशिरा आली तर पर्यायांची दारे उघडी दाखवायला जागा उरत नाही, आणि मग पात्र घाईघाईने त्याग करते. योगायोग एकच घ्यावा आणि तो अडचण निर्माण करणारा असावा. ओल शिरली हा योगायोग चालतो, नेमक्या वेळी अपघात होऊन गाठ सुटली हा चालत नाही. दुर्धर आजाराच्या बाबतीत तर मी आणखी कडक राहीन : त्यागाची जागा आजाराने घेतली, की निवड पात्राच्या हातातून जाते आणि कथा वैद्यकीय होते.

त्यागानंतर किती दाखवावे, यावर मतभेद आहेत. माझा कल परिणाम दाखवण्याकडे आहे, पण आठ-दहा पानांहून जास्त नाही. त्यात नवे पात्र आणू नये, कोणीही त्यागाचे कौतुक करू नये आणि त्याग सार्थकी लागला की वाया गेला याचा निकाल कोणाच्या तोंडून येऊ देऊ नये. नायकाने ते पान पाहिल्यावर काय करावे, हे मात्र ठरवलेच पाहिजे, कारण ती त्याची निवड आहे आणि पटकथेतली शेवटची कृती तीच आहे. तो पान पुन्हा फळीवर चढवील, किंवा मठाधिपतींकडे घेऊन जाईल. पहिल्यात तो तिच्या खोट्यात सामील होतो, दुसऱ्यात तिचा धर्म तो तिच्या वतीने पाळतो. दोन्ही शेवट लिहून पाहावेत आणि आधीच्या पानांत ज्याची तयारी जास्त झालेली दिसेल तो ठेवावा.

पहिला खर्डा झाल्यावर तो त्या परंपरेत प्रत्यक्ष जगणाऱ्या निदान एका माणसाकडून वाचून घ्यावा. त्याला ‘आवडले का’ असे विचारू नये. ‘यातल्या कोणत्या पानावर तुम्ही असे वागला नसता’ असे विचारावे. तपशिलाच्या चुका तो सांगेल त्या निमूट दुरुस्त कराव्यात. पण पात्राच्या निर्णयावर त्याने आक्षेप घेतला, तर लगेच निर्णय बदलू नये. त्या निर्णयाच्या आधीची वीस पाने पुन्हा वाचावीत, कारण खोट बहुधा तिथेच असते. दुसरे वाचन श्रद्धा न मानणाऱ्या माणसाकडून व्हावे आणि त्यालाही तोच प्रश्न विचारावा. दोघांनी एकाच पानावर बोट ठेवले, तर ते दृश्य काढून नव्याने लिहावे. वेगवेगळ्या पानांवर ठेवले, तर दोन्ही पानांच्या समासात खूण करून नॅरेशन देताना, म्हणजे पटकथा कोणाला तरी वाचून ऐकवताना, त्या जागी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे आणि मगच काय बदलायचे ते ठरवावे.